पालक शाळेत येतात तेव्हा

30 जून 2025, सोमवार

विदर्भात शाळा उन्हामुळं उशिरा, जून सरता सरता उघडते. पण पालकांना बोलावण्याची पहिली चिठ्ठी जायला एक आठवडा पुरतो. नववीतल्या तिघांनी शुक्रवारी मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीचे दोन नळ मोडले. आज तिघांचे वडील मुख्याध्यापकांच्या खोलीत आले होते.

पहिल्यानं कुणी काही बोलायच्या आत पोराच्या कानशिलात लगावली. दुसरा म्हणाला, ‘‘माझा मुलगा असं करूच शकत नाही, त्याला दुसऱ्यांनी अडकवलं.’’ असं म्हणून त्यानं खिशातून नोट काढली आणि टेबलावर ठेवली. तिसरा चप्पल बाहेर काढून दाराशीच उभा राहिला आणि ‘‘चुकलं जी, माफ करा जी,’’ एवढंच म्हणत राहिला. नळ जणू त्यानंच मोडले होते.

तिघं बाप तीन तऱ्हांचे. पण तिन्ही तऱ्हांमध्ये मुलगा मोकळाच राहिला. एकाचा मार खाऊन हिशेब मिटला, दुसऱ्याचा पैशानं, तिसऱ्याचा बापाच्या माफीनं. मोडलेल्या नळाचं आता काय करायचं, हे मुलांना कुणीच विचारलं नाही. शेवटी मुख्याध्यापकांनीच विचारलं. पोरं एकमेकांकडं पाहत राहिली. मग त्यातलाच एक हळूच म्हणाला, ‘‘आमीच बसवून देऊ का सर?’’

नोट परत गेली. ठरलं असं की शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिघांनी नळ बसवायचे आणि वडिलांनी शेजारी थांबायचं. काम मुलांनीच करायचं.

3 जुलै, गुरुवार

आज एका मुलाच्या कंपासपेटीत खर्रा सापडला. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून प्लास्टिकच्या पन्नीत बांधलेली पुडी. आपल्या भंडारा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोलीकडं ती कुणाला नवी नाही. बसस्टॉपवर मिळते, मंडईत मिळते, लग्नात पाहुण्यांपुढंही येते.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. रागावून विचारलं असतं तर त्यानं ‘माझा नाही’ म्हटलं असतं, म्हणून सगळे गेल्यावर वर्गातच बसून विचारलं. तो म्हणाला, बाबांसाठी रोज संध्याकाळी टपरीवरून तोच आणतो. आणता आणता एक दिवस चिमूटभर तोंडात टाकला. आता सकाळी तोंड शिवशिवतं.

कायदा बघायला गेलं तर कडक आहे. 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर ती कुणालाच विकायची नाही. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं 77 वं कलम मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगतं. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखाबंदी आहे. आमच्या फाटकावर ‘तंबाखूमुक्त शाळा’ असा फलक आहे. एवढं सगळं असताना या पोराच्या हातात खर्रा दिला तो त्याच्या घरानं, दहा रुपयांची नोट देऊन, ‘लवकर ये’ म्हणून.

शेजारच्या गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हे काम चाललं आहे. डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून ते उभं केलं. तिथं दारू आणि तंबाखूच्या विरोधात गावागावांत संघटना बांधल्या गेल्या, कारण एकट्या माणसाला उपदेश करून हे सुटत नाही. गावानं मिळून ठरवावं लागतं. शाळेलाही हे लागू आहे. ज्याच्या घरात खर्रा सन्मानानं खाल्ला जातो, त्या मुलाला शाळेत त्याच खर्र्यासाठी अंगठे धरून उभं करायचं, यात न्याय नाही. मुलाला तो दुटप्पीपणा आपल्या आधी कळतो.

5 जुलै, शनिवार

नळ बसले. तिघांतला दाराशी उभा राहणारा बाप गवंडीकाम करतो. पाना तोच घेऊन आला होता. पण पोरांच्या हातात देऊन स्वतः मागं सरला. पहिल्यांदा टेप उलट्या दिशेनं गुंडाळली गेली आणि आट्यांतून पाणी गळायला लागलं. पोरगा बापाकडं पाहायला लागला. बाप म्हणाला, ‘‘खोल आन् पुन्हा बसव.’’ तिसऱ्या वेळी गळती थांबली.

कानशिलात लगावणारे वडीलही आले होते. सुरुवातीला हाताची घडी घालून उभे होते. मग टाकीखाली वाकलेल्या मुलाच्या डोक्यावर ऊन येतंय म्हणून नकळत आपली सावली पडेल असे सरकले. नोटवाले वडील आले नाहीत. त्यांचा मुलगा मात्र आला आणि त्यानं दोघांच्या बरोबरीनं काम केलं.

आज कुणाचा अपमान झाला नाही, कुणी सुटलंही नाही. मुलानं केलेलं मुलानंच निस्तरायचं आणि ते निस्तरत असताना बापानं निघून जायचं नाही. पालकांचं काम म्हणतात ते मला इथं दिसलं.

12 जुलै, शनिवार

पावसानं बांध्या भरल्या आणि धानाच्या रोवणीला जोर आला. ज्याच्या कंपासपेटीत खर्रा सापडला त्या मुलाच्या आईला भेटायला दुपारी मी बांधीवरच गेले. दोनदा चिठ्ठी जाऊनही आई शाळेत आली नव्हती आणि शिक्षकांच्या खोलीत ‘या लोकांना पोरांचं काहीच पडलं नाही’ असं बोलणं सुरू झालं होतं.

ती पोटरीभर चिखलात, ओळीत उभ्या असलेल्या बायांमध्ये होती. पऱ्ह्यांची पेंडी डाव्या हातात, उजवा हात सारखा खाली-वर. बांधावर येऊन म्हणाली, ‘‘मॅडम, का करू जी? रोवणीचे दिवस पंधरा-वीस. एक दिवस शाळेत आली तर त्या दिवसाची मजुरी जाते, आन् दुसऱ्या दिवशी मालक दुसरीला लावते.’’ मग थोडं थांबून, ‘‘आन् शाळेत बोलावते तवा पोट्ट्यानं काहीतरी केलंच असते. चांगलं सांगाले कोन बोलावते?’’

आमच्या पवनी तालुक्यातल्या कित्येक आया वर्षभर असंच जगतात. पावसाळ्यात रोवणी, मग निंदण, दिवाळीच्या आसपास कापणी, पुढं मिरचीच्या सातऱ्यावर बसून देठ खुडायचे, बोटं जळजळत असताना. आपण पालकसभा भरवतो कामाच्या दिवशी, दुपारी दोन वाजता. ज्या घराला वेळ आहे तेच घर येतं आणि ज्या घराची मुलाला सगळ्यांत जास्त गरज आहे ते गैरहजर म्हणून नोंदलं जातं.

तिला मी सांगितलं की तिचा मुलगा भूमितीत वर्गातला सगळ्यांत नीट आकृत्या काढणारा आहे. ही गोष्ट खरी आहे. खर्र्याचं त्यानंतर सांगितलं. तिनं दोन्ही ऐकलं. ‘‘त्याच्या बापाले मी सांगतो आज,’’ म्हणाली आणि पुन्हा ओळीत गेली.

16 जुलै, बुधवार

आजच्या पेपरात पुण्याची बातमी आहे. 19 मे 2024 च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलानं चालवलेल्या पोर्शे गाडीनं दुचाकीला धडक दिली आणि दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, गेले. त्या मुलाला सज्ञान समजून खटला चालवावा, हा पोलिसांचा अर्ज बाल न्याय मंडळानं काल फेटाळला. शिक्षकांच्या खोलीत दिवसभर तोच विषय होता.

मंडळाचा निर्णय कायद्याच्या चौकटीतला आहे. अठराच्या आतल्या मुलाला सुधारण्याची संधी द्यावी, हा त्या कायद्याचा गाभाच आहे. माझं मन दुसऱ्या गोष्टीवर अडलं. सुरुवातीला जामीन देताना 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर देशभर संताप झाला. पण त्याहून गंभीर आरोप पुढं आले. रक्ताचे नमुने बदलल्याचे, मुलाच्या जागी आईचं रक्त दिल्याचे, गाडी चालकानं चालवली असं सांगायला लावल्याचे. वडील, आई, आजोबा अशा तिघांनाही अटक झाली. हे आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचे आहेत. पण हे जर खरं ठरलं तर एका मुलाच्या हातून घडलेलं त्याच्यापर्यंत पोचूच नये म्हणून घरातली सगळी मोठी माणसं आडवी उभी राहिली, असं म्हणावं लागेल.

2019 च्या सुधारणेनं मोटार वाहन कायद्यात 199अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. आमच्या शाळेच्या बाजूच्या गल्लीत रोज मोटारसायकली लागतात. गोसेखुर्दच्या धरणामुळं गाव हललेल्या घरांतली काही मुलं दूरच्या पुनर्वसित वस्तीतून येतात. एसटी वेळेवर नसते आणि बाप किल्ली देतो. त्याची अडचण खरी आहे. पण त्या किल्लीबरोबर तो मुलाला आणखी एक गोष्ट देतो: नियम आपल्यासाठी नसतो, ही समजूत. पोर्शे आणि जुनी मोटारसायकल यांच्या किमतीत आभाळाएवढं अंतर आहे. समजूत मात्र तीच आहे.

22 जुलै, मंगळवार

‘‘मॅडम, तुम्ही मारत नाही म्हणून पोरं शेफारली. दोन ठेवून द्या, आमची काही तक्रार नाही.’’ हे वाक्य या महिन्यात किती पालकांकडून ऐकलं! त्यांच्या म्हणण्यात शाळेवरचा विश्वास आहे, तो मी नाकारत नाही. पण ते शाळेकडून जे मागताहेत ते शाळेनं द्यायचं नाही.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं 17 वं कलम शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई करतं. तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि माझ्या वर्गातली काही मुलं त्या वयाबाहेर गेली आहेत. म्हणून वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवसापासून ती मारण्यालायक झाली, असं कोण म्हणेल? मार खाल्लेल्या मुलाला चुकीचा विचार करायला जागाच उरत नाही. तो फक्त मारणाऱ्याचा विचार करतो.

शाळेनं पालकाला जबाबदार धरणं महाराष्ट्राला नवं नाही. 1917 मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी मूल शाळेच्या दारापर्यंत आणणं हेच मोठं काम होतं. आज मूल दारातून आत येतं. पुढचं काम दंडानं होणारं नाही. ते कसं होतं याचा दाखला अमळनेरला आहे. साने गुरुजी तिथं प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत आणि वसतिगृह सांभाळत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या की ते स्वतः झाडून, कपड्यांच्या घड्या घालून ठेवत. मुलं परत येऊन ते पाहत आणि मग आपलं आपण करायला लागत. वसतिगृहात ते त्या मुलांचे पालकच होते. आधी स्वतः करायचं, मग मुलाकडून अपेक्षा करायची, हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही.

2 ऑगस्ट, शनिवार

रोवणी आटोपत आली. मुख्याध्यापकांनी मान्य केलं आणि नववीची पालकसभा प्रथमच संध्याकाळी सात वाजता भरली. निरोप मुलांच्या हाती चिठ्ठीनं न देता प्रत्येक घरी फोन केला आणि फोनवर त्या मुलाची एक चांगली गोष्ट आधी सांगितली. वर्ग भरला. मागच्या बाकांवर बाप मंडळीसुद्धा होती.

बोलणं सुरुवातीला तक्रारींवरच गेलं. शाळा म्हणते घर लक्ष देत नाही, घर म्हणतं शाळा लक्ष देत नाही. मग एका आईनं विचारलं, ‘‘पोरगा शाळेत पोचला का नाही, हे आमाले कवा कळते?’’ सगळे गप्प झाले, कारण उत्तर लाजिरवाणं होतं. महिन्याच्या शेवटी, हजेरीपटावरून. तोवर पोरं दप्तरासकट पवनीच्या किल्ल्याच्या परकोटावर नाहीतर वैनगंगेच्या घाटावर बसून असतात. घरी वाटतं शाळेत आहेत, शाळेला वाटतं घरी आहेत. पावसाळ्यात नदी भरलेली असताना ही पोकळी जिवावर बेतू शकते.

तीन गोष्टी ठरल्या. जो गैरहजर असेल त्याच्या घरी पहिल्या तासानंतर फोन जाईल. शाळेत काही मोडलं, कुणाला दुखावलं तर ते दुरुस्त करायचं काम मुलाचं. पालक सोबत राहतील, पण पैसे देऊन किंवा मारून प्रकरण मिटवणार नाहीत. आणि शाळेत मुलाला सगळ्यांसमोर हात लावायचा नाही, शिक्षकांनी नाही आणि पालकांनीही नाही.

तिसऱ्या मुद्द्यावर वाद झाला. ‘आमच्या पोराला आम्ही नाही मारायचं तर कोणी?’ असा प्रश्न आला. त्याला गवंडीकाम करणाऱ्या वडिलांनी उत्तर दिलं. म्हणाले, ‘‘मारलं तर तो घरी येणं टाळते. मग भेटत नाही, आन् सांगाचं कोनाले?’’ त्यावर कुणी काही बोललं नाही. ठराव झाला.

25 ऑगस्ट, सोमवार

पोळ्याच्या दोन सुट्ट्यांनंतर वर्ग भरला आणि पहिल्याच मधल्या सुट्टीत शिव्यांवरून मारामारी. आईवरची शिवी. ज्यानं दिली त्याला मी विचारलं, ‘‘ही कुठं ऐकलीस?’’ त्याला प्रश्नच कळला नाही. ती त्याच्या घरात, गल्लीत, बैलाला हाकताना, मोबाईलवरच्या व्हिडिओत सगळीकडं आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला 500 रुपये दंड करण्याचा ठराव केला. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही, मोबाईल बंद राहतात. मुलं अभ्यासाला बसतात. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं अठराखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला.

या तिन्हींतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. बांशीचा नियम फक्त मुलांसाठी आहे. सौंदाळ्यात दंड मोठ्यांनाही आहे. वडगावात भोंगा वाजला की आईची मालिका आणि बापाचा मोबाईलही बंद होतो. जिथं मोठे स्वतःला नियमात धरतात तिथं मुलाला वेगळं समजावावं लागत नाही. पंधरा वर्षांचं पोरगं उपदेश ऐकत नाही, पण घरातल्या माणसांवर त्याची करडी नजर असते. बाप गाडी चालवताना हेल्मेट घालतो का, आई शेजारणीबद्दल पाठीमागं काय बोलते, मास्तर वर्गात मोबाईल पाहतात का, सगळं त्याच्या हिशेबात असतं. बेशिस्त म्हणून आपण जे पकडतो त्यातलं बरंचसं त्यानं आपल्याकडूनच घेतलेलं असतं.

शिवी देणारा आणि मार देणारा, दोघांनी मिळून उद्या वर्गासमोर बोलायचं ठरवलं आहे. दोघांच्या आया येणार आहेत. बोलणार मात्र मुलंच.

13 सप्टेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर नववीला पवनीतल्या जगन्नाथ टेकडीवर नेलं. सोबत तीन आया आणि एक रिक्षाचालक वडील होते. शिक्षा नाही, तक्रार नाही, पालक म्हणून नुसतं सोबत येणं. वाटेत मुलं नेहमीपेक्षा शांत होती असं नाही, पण रस्ता ओलांडताना एकमेकांना थांबवत होती.

1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी इथं उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना बौद्ध स्तूप उजेडात आला. त्याच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, उपासिकांची, साध्या गृहस्थांची. राजानं एकट्यानं हे उभं केलं नव्हतं. मुलांना मी हे सांगितलं तेव्हा खर्र्याच्या त्या मुलानं विचारलं, ‘‘गरीब लोकंबी देत होते का मॅडम?’’ मी म्हटलं, ‘‘हो, ज्याला जेवढं जमलं तेवढं.’’

त्या मुलाची गोष्ट अजून सुटलेली नाही. मधे महिनाभर त्यानं तोंडाला पुडी लावली नाही. गणपतीत पुन्हा एकदा सापडला. त्यानं लपवलं नाही, स्वतः येऊन सांगितलं. त्याची आई आता सभेला येते आणि आल्यावर दाराशी उभी राहत नाही, बाकावर बसते. वडिलांनी खर्रा सोडलेला नाही, पण तो आणायला मुलाला पाठवणं बंद केलं आहे. रोज संध्याकाळी स्वतः टपरीवर जातात. एवढ्यानं मुलगा सुटेल असं नाही, पण घरानं पहिलं पाऊल टाकलं आहे आणि ते मुलाला दिसलं आहे.

पुढची सभा दिवाळीआधी, कापणी सुरू होण्यापूर्वी ठेवायची आहे. त्यात मी बाप मंडळींना स्पष्ट सांगणार आहे. पोराच्या हाती टपरीवर पैसे देऊ नका. परवाना मिळेपर्यंत गाडीची किल्ली देऊ नका. त्यानं काही मोडलं तर त्याच्या वतीनं माफी मागू नका आणि त्याच्यावर हातही उचलू नका. त्याला घेऊन या, त्याच्याकडून ते नीट करून घ्या आणि काम पुरं होईपर्यंत त्याच्याजवळ थांबा. एवढं केलंत तर उरलेल्या शिस्तीची जबाबदारी शाळा घेईल.